कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, साउंड कार्ड कोणतं घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात दीडशेच्या आसपास कॅसेटी आहेत, बऱ्याचशा घरच्या माणसांच्या आवाजाच्या, शिवाय पंधरा-वीस एलपी, चालू स्थितीतला एक कॅसेट डेक, आणि लॅपटॉपला हेडफोनचं एकच भोक. साउंड कार्ड कुठलं घ्यावं, १९२ किलोहर्ट्झवालं (म्हणजे सेकंदाला १ लाख ९२ हजार वेळा आवाज मोजणारं) लागेल का, आणि महागातलं घेतलं तर कॅसेटींचा आवाज सुधारेल का.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावरच अडलंय. नाही सुधारणार. आवाज सुधारणं हे साउंड कार्डाचं कामच नाही, त्याचं काम आहे हात न लावणं. डेकमधून जे येतंय ते जसंच्या तसं आकड्यांत उतरवायचं आणि मध्ये स्वतःची अक्कल चालवायची नाही, बस. गंमत अशी की आजकालच्या हार्डवेअरला हे एवढं सोपं कामच सगळ्यात जड जातं, कारण ते व्हिडिओ कॉलसाठी बनवलेलं असतं आणि त्याला सारखं काहीतरी 'सुधारायचं' असतं.

माझाच किस्सा सांगतो. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाच्या अडतीस कॅसेटी करून दिल्या, सगळं बोलणं, आजीबाईंच्या आठवणी वगैरे. लेव्हल मीटर बघत होतो, सगळं हिरवं, मस्त. हेडफोनवर ऐकत बसलो नाही कारण वेळ नव्हता (वेळ कुणालाच नसतो). नंतर ऐकलं तर बाई बोलताना थांबल्या की मागची हिस हळूहळू वर वर यायची, जशी काही खोलीत कुणी शॉवर सोडतंय, आणि पुढचा शब्द फुटला की धपकन खाली. पुन्हा थांबल्या, पुन्हा शॉवर. इनपुटचं ऑटोमॅटिक गेन कंट्रोल, म्हणजे आवाज बारीक झाला की आपोआप वाढवणारी सोय, चालू राहिलं होतं. नुसता नॉइज असता तर नंतर थोडाफार काढता येतो, पण असा वरखाली झालेला आवाज सरळ करता येत नाही, कारण कुठे किती वर झाला याची नोंदच कुठे नसते. अडतीसच्या अडतीस पुन्हा केल्या. तेव्हापासून कार्डाचा बॉक्स हातात घेतला की मी किलोहर्ट्झ वाचत नाही, त्यात काय काय बंद करता येतं ते बघतो.

आता कार्डाला नेमकं किती भारी असावं लागतं याचा हिशोब करू. कॅसेट ही १९६३ साली फिलिप्सने आणलेली चीज. ३.८१ मिलिमीटर रुंदीची टेप, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेग, आणि तेवढ्यात दोन्ही साइडचे मिळून चार ट्रॅक. साध्या टाइप वन टेपवर डॉल्बीशिवाय (डॉल्बी म्हणजे हिस कमी करणारी सोय) सगळ्यात मोठा आवाज आणि हिस यांच्यातलं अंतर साधारण ५० ते ५५ डेसिबल पडतं, डॉल्बी बी लावलं तर वरच्या पट्टीत अजून १० च्या आसपास. बिट म्हणजे लेव्हल किती बारीक मोजायची त्याचं माप, एका बिटाला सुमारे ६ डेसिबल धरा, म्हणजे ५५ डेसिबलला ९ बिट आणि वर थोडंसं. सीडीच्या १६ बिटमध्ये थिअरीने ९८ डेसिबल मावतात. एलपी कॅसेटपेक्षा बरी असते, पण तिचीही सरफेसची खरखर १६ बिटच्या खूप आधी आडवी येते. थोडक्यात, तुमच्या मालापेक्षा शांत कार्ड शोधणं हे काही अवघड काम नाही. बेहरिंगरचा यूसीए २०२ नावाचा एक छोटासा डबा खूप जणांनी वापरलाय, त्यात पीसीएम २९०२ नावाची चिप आहे, १६ बिट आणि जास्तीत जास्त ४८ किलोहर्ट्झ, त्या चिपच्या एडीसीची (आवाजाचे आकडे करणाऱ्या भागाची) डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज आणि नॉइज यांच्यातलं अंतर, ८९ डेसिबल. ऑडिओवाले नाक मुरडतील पण कॅसेटच्या ५५ पुढे ८९ म्हणजे भरपूर झाले. त्याची खरी अडचण वेगळीच आहे, त्याला इनपुट लेव्हलचं बटणच नाही, डेकमधून जे येईल ते घ्यायचं.

मग २४ बिट कशाला? क्वालिटीसाठी नाही, निवांतपणासाठी. १६ बिटला लेव्हल काठापर्यंत भरायचा मोह होतो, आणि कॅसेटमध्ये मधेच कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी माइकवर खोकलं की ते शून्याच्या (डिजिटलमधल्या कमाल लेव्हलच्या) वर जाऊन कापलं जातं, आणि डिजिटलमधलं कापणं फार घाणेरडं ऐकू येतं. २४ बिटला सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि विसरून जा, खाली हिसच्याही खाली मैलभर जागा शिल्लक असते. म्हणून २४ बिटचं घ्या, एवढं मी ठामपणे सांगेन. सॅम्पल रेटबद्दल (ते किलोहर्ट्झ) मात्र एवढं तावातावाने भांडण्यासारखं काही नाही. ध्वनिसंग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएएसए, तिच्या टीसी-०४ या मार्गदर्शिकेत कमीत कमी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट असं म्हटलंय, मोठी आर्काइव्हज सरसकट ९६ ला करतात. मी बोलण्याच्या कॅसेटी ४८ ला करतो, एलपी आणि चांगल्या स्पूल टेपा ९६ ला. एलपीला ९६ अशासाठी की टिकटिक काढणाऱ्या सॉफ्टवेअरला तो टिक जितका टोकदार दिसेल तितकं त्याला सोपं जातं. १९२ ला घरच्या कॅसेटीत सापडणार काय, तर वटवाघळांना ऐकू येईल अशी हिस आणि फार तर बायस सिग्नलचे अवशेष (बायस म्हणजे आवाज नीट उतरावा म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी टेपवर सोडलेला, कानाला न ऐकू येणारा उंच सिग्नल). त्या बायसचा वापर करून टेपचा वेग सुधारणारे लोक आहेत, खरंच आहेत, पण ते स्टुडिओच्या मास्टर टेपा आणि त्यासाठी मुद्दाम बदललेल्या मशीनवर. आपलं ते काम नाही.

जागेचा हिशोबही सांगून टाकतो म्हणजे तो प्रश्न मिटला. २४ बिट ४८ स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी, ९६ ला २ जीबी. दीडशे कॅसेटी साठ-साठ मिनिटांच्या धरल्या तर दीडशे-एकशेसाठ जीबी. एवढ्यासाठी एमपीथ्री करायची काही गरज नाही, मास्टर वेव्हमध्येच ठेवा, वाटायला हवी तर एमपीथ्री नंतर बनवा. फक्त साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, ९६ ला ती सुमारे दोन तास चार मिनिटांनी येते, म्हणून एका साइडची एक फाइल करा आणि मोकळे व्हा.

आता लॅपटॉपच्या त्या एकट्या भोकाबद्दल. त्यात डेकची वायर घालू नका. प्लीज. त्यात हेडफोन आणि माइक एकत्र असतो, माइकची लाइन एकच असते म्हणजे रेकॉर्डिंग मोनो (डावं-उजवं वेगळं नाही), ती काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी बनवलेली असते आणि तुमचा डेक देतो साधारण ३००-५०० मिलिव्होल्ट, वर माइकला चालवायला त्या वायरीतून थोडा डीसी व्होल्टेजही सोडलेला असतो. लोक लेव्हल पाच टक्क्यांवर आणून ठेवतात आणि म्हणतात बघा आता लाल होत नाही. लाल होत नाही कारण सॉफ्टवेअरमधली लेव्हल कमी केलीय, कापलं तर ते त्याच्या आधीच गेलंय. वेव्हफॉर्म मोठा करून बघा, डोंगराचे शेंडे सपाट दिसतील, फक्त उणे वीसवर सपाट. ते छोटे यूएसबी डोंगल मिळतात, दोन भोकांचे, त्यातले बहुतेक हेच, माइक इनपुट आणि तेही मोनो. डोंगलवर स्टिरिओ लाइन इन असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते नाहीच असं समजा.

तुमच्याकडे कुठे जुना डेस्कटॉप पडला असेल तर मात्र आधी त्याच्या मागे बघा. गुलाबी भोक माइकचं, हिरवं आउटपुट, आणि फिकट निळं असतं ते लाइन इन, म्हणजे डेकसारख्या वस्तूचा सिग्नल घेणारं. ते खरंखुरं स्टिरिओ लाइन इनपुट असतं आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बऱ्याच मदरबोर्डवरचं ते कॅसेटला पुरेसं असतं. हे ऐकून लोकांना पटत नाही कारण 'ऑनबोर्ड म्हणजे टुकार' हे डोक्यात पक्कं बसलंय, आणि ते एकेकाळी खरं होतंही. एसी ९७ च्या (ऑनबोर्ड साउंडच्या जुन्या मानकाच्या) जमान्यात सगळं ४८ किलोहर्ट्झभोवती बांधलेलं असायचं, अगदी १९९८ ची साउंड ब्लास्टर लाइव्ह, जी तेव्हा लय भारी समजली जायची, तिच्या आतला प्रोसेसरसुद्धा ४८ लाच चालायचा आणि ४४.१ मागितलं की आतल्या आत रूपांतर करून द्यायचा. ते दिवस गेले. आता ऑनबोर्डची भीती म्हणजे कॅबिनेटमधला इलेक्ट्रिकल कचरा, माऊस हलवला की हेडफोनमध्ये बारीक चीं चीं येते ना, ती. ती येते की नाही हे बोर्डागणिक बदलतं, म्हणून लोकांची मतं विचारत बसण्यापेक्षा मोजून बघायचं.

मोजायचं कसं ते नीट सांगतो, कारण कुठलंही कार्ड घेतलंत तरी पहिल्या दिवशी हेच करायचंय. ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) उघडा, विंडोजवर असाल तर होस्ट, म्हणजे विंडोजकडून आवाज घ्यायचा मार्ग, वासापी निवडा, कारण एमएमई किंवा डायरेक्टसाउंड ठेवलं तर २४ बिट नावालाच राहतं. प्रोजेक्ट ४८ ला ठेवा आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या इनपुटचा फॉरमॅटही ४८ आणि २४ बिट करा, दोन्हीकडे वेगळं ठेवलं तर विंडोज मध्ये गुपचूप रूपांतर करतं. तिथेच 'एन्हान्समेंट' नावाचं जे जे दिसेल ते बंद करा, नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन, सगळं. आता डेक जोडा, डेक चालू, एखादी मोठ्या आवाजाची जागा वाजवून सर्वांत मोठा आवाज उणे १२ ला आणा, आणि मग नॉबला हात लावायचा नाही. टेप थांबवा. अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. मग कॅसेटवर दोन गाण्यांच्या मधली किंवा बोलणं सुरू व्हायच्या आधीची रिकामी जागा वाजवून तीही रेकॉर्ड करा. दोन्हींची आरएमएस (सरासरीसारखी) लेव्हल बघा. माझ्या एका साध्या सेटअपमध्ये टेप थांबलेली असताना उणे ७८ यायचं आणि रिकामी टेप फिरताना उणे ५८. वीस डेसिबलचा फरक. फरक दहाचा असला तरी कार्डामुळे एकूण नॉइजमध्ये पडणारी भर अर्ध्या डेसिबलच्याही आत असते, कानाला कळत नाही. फरक तीन-चारच असेल तर कार्ड बदला, किंवा आधी वायर बदलून बघा. शांततेच्या रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रमही काढून बघा, त्यात ५० किंवा ६० हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत काटे उभे असतील तर तो कार्डाचा नॉइज नाही, ती ग्राउंड लूपची हम आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून वायरीत शिरणारी विजेची घूं घूं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्म्या वेळा तिथेच संपतं. नाहीच संपलं तर ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी देईल, तो माणूस कितीही जुना जाणता असला तरी ऐकू नका.

तुमच्यासाठी सरळ उत्तर म्हणजे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीने बाहेरून जोडायचं साउंड कार्ड. दोन लाइन इनपुट, २४ बिट, आणि 'क्लास कम्प्लायंट', म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर न टाकताही चालणारा. या शेवटच्या गोष्टीवर मी जितका जोर देतो तितका कुणी देत नाही आणि प्रत्येक जण एकदा पस्तावतो. माझ्याकडे एक सुरेख इंटरफेस कपाटात पडून आहे, आवाज अजूनही आत्ताच्या निम्म्या मॉडेलांपेक्षा चांगला देतो, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, कंपनीने नवा ड्रायव्हर काढला नाही, आता त्याचा पेपरवेट. फायरवायरवाल्यांचं तर विचारूच नका, ज्या पोर्टमध्ये घालायचं ते पोर्टच नव्या मशीनवरून गायब झालं. दीडशे कॅसेटी म्हणजे दीडशे तास, रविवार-रविवार करत हे काम दोन-तीन वर्षं चालणार आहे हे लिहून घ्या, तेवढा काळ हार्डवेअर चालायला पाहिजे.

फोकसराइट स्कारलेटसारखे जे लाल-काळे दोन इनपुटचे डबे सगळीकडे दिसतात, ते आणि त्या वर्गातले बाकीचे, मोटू, ऑडियंट, स्टाइनबर्ग वगैरे, यातलं कुठलंही चालेल, आवाजाच्या बाबतीत यांच्यात डावं-उजवं करण्याइतकी तुमची कॅसेट बारकाईची नाही. पण हे डबे मुळात गाणाऱ्या आणि गिटारवाल्यांसाठी असतात, त्यामुळे जोडताना तीन ठिकाणी माणूस फसतो. पहिलं म्हणजे पुढचं भोक कॉम्बो असतं, त्यात मोठी तीन पिनांची एक्सएलआर घातली की सिग्नल माइकच्या अँपकडे जातो, पाव इंची जॅक घातला की लाइनकडे. आपल्याला पाव इंची हवा, म्हणजे एका टोकाला आरसीए (डेकच्या मागच्या गोल भोकांत बसणारी पिन) आणि दुसऱ्या टोकाला पाव इंची मोनो जॅक अशा दोन वायरी घ्यायच्या, अ‍ॅडाप्टरवर अ‍ॅडाप्टर चढवायचे नाहीत. दुसरं, 'इन्स्ट' लिहिलेलं बटण बंद पाहिजे, ते गिटारसाठी आहे, चालू राहिलं तर आवाज येतो पण तडकलेला. ४८ व्होल्टचं फॅन्टम (माइकला वीज देणारं बटण) पण बंदच. तिसरं, आणि यात भलेभले फसतात, दोन चॅनलला दोन वेगळे गेनचे नॉब असतात आणि ते डोळ्यांनी सारखे केले तरी सारखे नसतात. उजवीकडे दीड डेसिबल जास्त गेला की सगळं गाणं एका बाजूला कलतं. डेकवर मोनो रेकॉर्डिंग असलेली कॅसेट लावा, बोलण्याची कुठलीही चालेल, दोन्ही मीटर एकसारखे हलेपर्यंत एक नॉब किंचित किंचित फिरवा, मग दोन्ही नॉबना चिकटपट्टी लावून टाका. हसू नका, माझ्या इंटरफेसवर ती पट्टी चार वर्षं आहे. गेन सॉफ्टवेअरने आकड्यात सेट करता येतो असा इंटरफेस मिळाला तर हा त्रासच नाही, त्यासाठी थोडे जास्त मोजावे लागले तरी मोजा.

लेव्हलबद्दल अजून एक, कारण कंपनीच्या पानावर हे वाचून लोक गोंधळतात. घरगुती वस्तूंची लाइन लेव्हल उणे १० डीबीव्ही असते, म्हणजे ०.३१६ व्होल्ट, आणि स्टुडिओची अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. फरक जवळपास १२ डेसिबलचा. स्टुडिओच्या हिशोबाने बनवलेल्या इनपुटला तुमचा डेक दबलेला वाटणार, मीटर अर्ध्यावरच राहणार, घाबरू नका, गेन थोडा वाढवा, २४ बिटमध्ये तेवढं सहज खपतं. जुन्या एम-ऑडिओ ऑडिओफाइल २४९६ सारख्या पीसीआय कार्डांवर लोक आजही जीव टाकतात त्याचं एक कारण हेच, थेट आरसीए भोकं आणि घरगुती लेव्हलशी जुळणारं इनपुट. ते कार्ड घालायला पीसीआय स्लॉटवाली मशीन मिळाली आणि ती चालू असली तर अजूनही वाईट नाही, पण केवळ त्यासाठी जुनी मशीन शोधत फिरू नका.

एलपीचं प्रकरण वेगळं. टर्नटेबलची वायर सरळ लाइन इनमध्ये घातली तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, बारीक आणि कर्कश येतो. कारण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला नेहमीच्या प्रकारचा भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं, आणि रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात, वाजवताना ते उलटं करावं लागतं, त्या वक्रालाच आरआयएए म्हणतात. २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल वर आणि २० किलोहर्ट्झला तेवढंच खाली, काय थोडंथोडकं नाही. त्यामुळे मध्ये फोनो प्रीअँप हवाच, ४७ किलोओहमचा लोड देणारा. जुन्या अँप्लिफायरला फोनो इनपुट असेल तर तो लावा आणि त्याच्या 'टेप आउट' किंवा 'रेक आउट' मधून इंटरफेसकडे या, स्पीकर किंवा हेडफोन आउटमधून नाही, म्हणजे त्याचे बेस-ट्रेबलचे नॉब वाटेत येत नाहीत. टर्नटेबलची ती बारीक सुटी ग्राउंड वायर प्रीअँपच्या स्क्रूला लावायला विसरू नका, हमच्या दहातल्या सहा तक्रारी तिथेच मिटतात. घरात लाखेच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या असतील तर त्याला हा वक्र लागू नाही, तेव्हा प्रत्येक कंपनीचा वक्र वेगळा होता आणि सुईही जाड लागते, ते काम पंधरा एलपींच्या जोडीने उरकू नका.

यूएसबीवालं टर्नटेबल आणि यूएसबीवाला कॅसेट प्लेयर याबद्दलही लोक विचारतात. टर्नटेबल एक वेळ चालेल, त्यातला सुई-कार्ट्रिजचा भाग ठीक असेल तर. पण ते हातात मावणारे यूएसबी कॅसेट प्लेयर, ते नको. त्यातलं एडीसी वाईट आहे म्हणून नव्हे, आतलं मेकॅनिझम प्लास्टिकचं आणि हलकं असतं म्हणून, बासरीचा लांब सूर लावलात तर तो पाण्यात हलल्यासारखा ऐकू येतो. डॉल्बीही नसतं. तुमच्याकडे चालू डेक आहे ना, मग त्याला सोन्यासारखा जपा. साउंड कार्डातलं क्वार्ट्झचं घड्याळ ५० पीपीएमने चुकलं तरी ती चूक तासाला ०.१८ सेकंद, डेकचा वेग नुसता एक टक्का पुढे असला तर तासाला ३६ सेकंद. आता सांगा कुठे लक्ष द्यायचं. आणि लोक जिटरवर (त्या घड्याळाच्या बारीक थरथरीवर) वाद घालत बसतात.

म्हणून माझा आग्रह असा की कार्डासाठी बाजूला काढलेल्या पैशातले निम्मे डेकवर जाऊ द्या. नवीन बेल्ट, नवीन पिंच रोलर (टेप दाबून धरणारं रबरी चाक), हेड (टेप वाचणारा भाग) आणि कॅप्स्टन (टेप ओढणारी दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ (रबराला मात्र ते जपून, फार नको). आणि सगळ्यात महत्त्वाचं, हेडचा टेपशी असलेला कोन, म्हणजेच अ‍ॅझिमथ. १० किलोहर्ट्झच्या आवाजाची टेपवर एक लाट ४.७६ मायक्रॉनची होते, आणि स्टिरिओ ट्रॅकची रुंदी असते ०.६ मिलिमीटर. म्हणजे हेड पाव अंशाने जरी तिरकं असलं तरी ट्रॅकच्या वरच्या आणि खालच्या कडेत अर्ध्या लाटेचा फरक पडतो आणि वरचे सूर एकमेकांनाच खाऊन टाकतात. ज्या मशीनवर ती कॅसेट रेकॉर्ड झाली तिचं हेड तुमच्या डेकशी जुळत असेलच असं नाही, घरगुती रेकॉर्डिंगमध्ये तर नसतंच. डेकचं झाकण काढा, हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला एक छोटा स्क्रू दिसेल, त्याची आत्ताची जागा मार्करने खूण करून ठेवा. बोलण्याची कॅसेट लावा, इंटरफेसचं मॉनिटरिंग मोनो करा आणि हेडफोन लावून स्क्रू आठव्या भागाने इकडे, आठव्या भागाने तिकडे. 'स', 'श', 'च' ऐका. एका जागी ते तोंडात रुमाल धरल्यासारखे असतात आणि थोडं फिरवलं की एकदम ओठांची हालचाल ऐकू आल्यासारखे उघडतात, पुढे गेलात की पुन्हा रुमाल. तो मधला बिंदू. पहिल्यांदा हे जमलं की माणूस दहा मिनिटं नुसता तोच स्क्रू फिरवत बसतो, एवढा फरक असतो, आणि कुठलंही कार्ड बदलून हा फरक मिळणार नाही. अ‍ॅझिमथ लावूनच डॉल्बी चालू करायचं की नाही ते ठरवा, कारण वरचे सूर आधीच पडलेले असले तर डॉल्बी त्यांना अजून खाली दाबतं आणि मग लोक म्हणतात डॉल्बीने आवाज मारला. डॉल्बी न लावता केलेल्या कॅसेटला डॉल्बी लावू नका हे तर आलंच.

रेकॉर्डिंग करताना लेटन्सी (आवाज ऐकू यायला लागणारा उशीर) वगैरेचा विचार करायचा नाही, आपण काही सोबत गात नाहीये, त्यामुळे बफर मोठा ठेवा, ५१२ किंवा १०२४, म्हणजे मधे आवाज तुटत नाही. यूएसबी हबमधून नको, थेट पोर्टमध्ये. लॅपटॉपची स्लीप बंद. आणि हेडफोन लावून निदान प्रत्येक साइडची पहिली पाच मिनिटं ऐका, मीटरच्या भरवशावर राहू नका, माझ्या त्या अडतीस कॅसेटींचं वर सांगितलंच आहे.

क्रम असा ठेवा की आधी डेक, मग वायरी, मग इंटरफेस, आणि इंटरफेस आला की वरची शांततेची टेस्ट एका नको असलेल्या कॅसेटवर करून बघा. आजी-आजोबांच्या आवाजाची कॅसेट पहिली लावू नका, जुन्या टेपा कधी कधी पहिल्याच फेरीत चिकटतात किंवा प्रेशर पॅड गळून पडतो, तेव्हा हात बसेपर्यंत एखाद्या बाजारू कॅसेटीचा बळी द्या आणि घरच्या कॅसेटी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच वाजवायला घ्या.